धुऱ्यावरचं पांढरं: गोखरूची भुरी, पऱ्हाटीचा दहिया आणि फोटो क्रमांक नऊ

प्रश्न दारव्हा तालुक्यातून आला आहे. धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) गोखरूवर आणि सहदेवीवर पीठ सांडल्यासारखं पांढरं पडलं, गाजरगवतावरही पांढरं दिसलं, आणि आठ-दहा दिवसांत पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, खालच्या पानांवर पांढरे ठिपके आले. कृषी केंद्रवाले म्हणतात सगळी एकच बुरशी आहे, धुऱ्यासकट फवारून घ्या. वडील म्हणतात, "धुरा पेटवून दे एकडावचा." सोयाबीन निघालेल्या वावरात करडी पेरायची आहे. करडी, गोखरू, गाजरगवत ही सगळी सूर्यफुलाच्या कुळातली, असं शाळेत शिकल्याचं आठवतं. मग ही बुरशी करडीवर उतरेल का? सोबत अकरा फोटो.

भाऊ, धुरा जाळू नका आणि पंपाची नळी धुऱ्याकडे वळवू नका. उत्तर लांबणार आहे म्हणून हे आधीच सांगून टाकतो. तुमच्या अकरा फोटोंत तीन वेगवेगळी पांढरी आहेत. दोन बुरशीची आहेत, भुरी आणि दहिया, त्यांचं एकमेकींशी देणंघेणं नाही. तिसरी बुरशीच नाही, आणि काळजी करायची तर तिचीच. ती फोटो क्रमांक नऊमध्ये आहे. तो फोटो तुम्ही "असाच" म्हणून जोडला आहे.

गोखरूपासून सुरुवात करू. (वैद्य ज्याला गोखरू म्हणतात तो जमिनीलगत पसरणारा सराटा, तो वेगळा. आपण बोलतोय ते धोतराला, बैलाच्या शेपटीला चिकटणाऱ्या काटेरी बोंडांचं, काही भागांत शंकेश्वर म्हणतात ते.) दसरा आला की गोखरूच्या पानावर पांढरे गोल डाग पडतात, आधी आठ आण्याच्या नाण्याएवढे, मग एकमेकांत मिसळून अख्खं पान पिठात बुडवल्यासारखं. ही भुरी. अंगठ्याने पुसा, पांढरं सगळं अंगठ्यावर येतं आणि खाली पान बऱ्यापैकी हिरवं असतं. एवढ्यावरच या बुरशीचा स्वभाव कळतो. ती पानाच्या आत घुसत नाही. वर कातडीवर पसरते आणि वरच्या पेशींच्या थरात बारीक नळीसारखी सोंड खुपसून रस घेते. पान मेलं तर तीही मरते, म्हणून पान जिवंत ठेवूनच खाते. शेणाच्या गोवरीवर उगवणारी बुरशी मेलेल्यावर जगते. भुरीला मेलेलं चालत नाही.

घड्याळजीकडे असतं तसं दहापट दाखवणारं भिंग तालुक्याच्या गावी मिळतं. ते घ्या आणि सकाळी उन्हाच्या आत पान बघा. पीठ दिसत नाही, उभ्या माळा दिसतात. एकावर एक रचलेले लांबट मणी, वरचा मणी पिकला की वाऱ्यावर सुटतो. प्रत्येक मणी साधारण ०.०३ मिलिमीटर लांब. गावातल्या हायस्कुलात सूक्ष्मदर्शक असेल तर पारदर्शक चिकटपट्टी पानावर हलकी दाबा आणि तीच काचेवर चिकटवून बघा. सौम्य कॉस्टिक पोटॅशच्या थेंबात ठेवलं तर काही भुऱ्यांच्या मण्यांत काचेच्या किरचीसारखे चमकणारे कण दिसतात. गोखरूवरच्या भुरीत ते असतात. तिचं नाव पोडोस्फेरा झँथी, आणि हे झँथी म्हणजे गोखरूच. गोखरूचं शास्त्रीय नाव झँथियम. जुन्या पुस्तकांत तिला स्फेरोथिका फुलिजिनिया म्हटलेलं सापडेल. सहदेवीवर दुसऱ्या गटातली भुरीही असू शकते, गोलोव्हिनोमायसिस. तिच्या मण्यांत हे चमकणारे कण नसतात. डोळ्यांना दोन्ही पांढऱ्या. म्हणजे तुमच्या धुऱ्यावर शेजारी शेजारी उभ्या दोन झुडपांवरची भुरीसुद्धा एकच असेल असं नाही, मग ती पऱ्हाटीवर कशी जाईल?

भुरी नेमकी याच दिवसांत का येते, याचंही कारण आहे. बहुतेक बुरश्यांना रुजायला पानावर पाण्याचा थेंब लागतो. भुरीच्या बीजाणूत, म्हणजे त्या मण्यांत, स्वतःचंच पाणी भरपूर असतं, तिला थेंब लागत नाही. उलट जोराचा पाऊस तिला धुऊन काढतो. म्हणून श्रावणात गोखरू स्वच्छ असतो. पाऊस उघडला, रात्री गार आणि दमट झाल्या, दिवसा ऊन कोरडं पडलं की तिचा हंगाम. नेमकं त्याच सुमाराला पऱ्हाटीवर दहियाही दिसायला लागतो, आणि दोन्ही एकाच आठवड्यात दिसले की माणूस नातं जोडतो. तुम्ही जोडलंत. मीही एकदा जोडलं होतं, त्याचं पुढे सांगतो.

दहिया. तुमचे चार ते आठ क्रमांकाचे फोटो. नाव किती नेमकं ठेवलंय आपल्या लोकांनी. पानाच्या खालच्या अंगावर दह्याचे कण शिंपडल्यासारखं. आता याला अंगठा लावून पुसा. वरचं पांढरं थोडं निघेल, पण खाली फिकट पिवळसर, कोनाकोनांची चौकट तशीच राहील. हे डाग गोल नसतात. पानाच्या बारीक शिरांनी आखलेल्या खणात बसतात, कारण ही बुरशी पानाच्या आत शिरून वाढते आणि शिरेपाशी अडते. आत वाढून झाली की पानाच्या खालच्या बाजूने बीजाणूंचे झुबके बाहेर काढते, ते आपल्याला पांढरे दिसतात. बुरशीचं नाव रॅम्युलॅरिया. ती कपाशीची आहे. पूर्वी देशी कपाशीवर जास्त दिसायची, आता संकरितांवरही चांगलीच बसते. गोखरू, सहदेवी, कंबरमोडी यांच्यावर ती येत नाही. भुरीचे गोल पुसले जाणारे डाग आणि दहियाची न पुसली जाणारी चौकट, एवढं हाताला कळलं की दुकानात कोणी काय सांगतं याची फिकीर राहत नाही.

मग दहिया आला कुठून? मागच्या वर्षीच्या पऱ्हाटीतून. वावरात पडून राहिलेली पानं, धुऱ्याला रचलेल्या पऱ्हाटीच्या काड्या, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे फरदड. दोन वेचे जास्त मिळतील म्हणून कपाशी मार्चपर्यंत उभी ठेवायची, तिच्यावर दहियाही उभा राहतो आणि गुलाबी बोंडअळीही.

आता माझी गोष्ट. नोकरीला लागून दुसरंच वर्ष होतं. वाशीमकडच्या एका गावात मी पिकाची पाहणी करायला गेलो. पऱ्हाटीवर दहिया, धुऱ्यावर गोखरू पांढराफटक. मी तरुण, हातात वही, आणि भोवती आठ-दहा माणसं उभी. अशा वेळी "बघून सांगतो" म्हणायला जास्त अक्कल लागते. मी म्हणालो, रोगाचं घर धुऱ्यावर आहे, जाळून टाका. त्यांनी त्याच संध्याकाळी जाळलं. वारा फिरला आणि शेजाऱ्याच्या कुटाराचा ढीग गेला, धुऱ्यावरची दोन वाढती निंबाची झाडं होरपळली. पुढच्या हंगामात गोखरूचं झुडूप औषधाला नव्हतं, आणि दहिया पहिल्यापेक्षा लवकर आला. कारण वीस पावलांवर त्यांची स्वतःची फरदड शिमग्यापर्यंत उभी होती, आणि तिच्याकडे मी बघितलंच नव्हतं. मी पुन्हा गेलो तेव्हा त्या गृहस्थांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, चहा पाजला. तो चहा अजून घशात अडकतो. त्यानंतर खिशात भिंग असल्याशिवाय मी वावरात पाय ठेवला नाही.

तुमच्या दहियासाठी फवारणी करायची की नाही, ते पीक बघून ठरवा. खालची जुनी पानं गेली आणि वर बोंडं फुटायला लागली असतील तर फवारणीचा खर्च निघणार नाही. ठिपके वर चढत असतील, वरच्या फांद्यांवर हिरवी बोंडं भरायची असतील, तर कृषी विद्यापीठाच्या चालू शिफारशीतलं, लेबलवर कपाशी आणि हा रोग छापलेलं एकच बुरशीनाशक घ्या. दुकानातून तीन बाटल्या एकत्र करून देतात तसलं कालवण नको. २०१७ च्या खरिपात आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक माणसं गेली. माणसाच्या उंचीच्या दाट पऱ्हाटीत शिरून फवारायचं, त्यात धुऱ्याची चार फूट उंच झाडोराही फवारायची, म्हणजे तेवढा वेळ आणखी तोंडासमोर धूर. आणि कशासाठी, तर जिने तुमचं काही बिघडवलेलं नाही त्या गोखरूच्या भुरीसाठी.

खरं तर धुऱ्यावरची भुरी थोडी कामाचीही आहे. गोखरूच्या पांढऱ्या पानांवर तुम्हाला पिवळाधमक, हरभऱ्याच्या डाळीहून लहान ढालकिडा दिसेल, मानेपाशी दोन काळे टिपके. त्याच्या अळ्याही पिवळ्या, अंगावर काळे ठिपके. मावा खाणाऱ्या लाल ढालकिड्याचा हा भाऊबंद, पण हा मावा खात नाही, भुरी खातो. चरत गेला की पांढऱ्या पानावर हिरवे पट्टे उमटतात, पाटीवर ओलं बोट फिरवल्यासारखे. लोक त्याला पान खाणारी कीड समजून मारतात. पान त्याने खाल्लेलं नसतं, नीट बघा, भोक एकही नसतं.

दुसरा प्रकार भिंगाशिवाय कळत नाही. काही डाग पांढरे न राहता राखाडी-तपकिरी, मळकट होतात. ती भुरीवर वाढणारी दुसरी बुरशी, अँपेलोमायसिस. भुरीच्या तंतूंच्या आत शिरून तिला आतून खाते आणि तिथेच आपल्या बारीक तपकिरी कुप्या भरते. ती एकाच भुरीला बांधलेली नाही, निरनिराळ्या भुऱ्यांवर जगते. तुमच्या परसातल्या भोपळ्यावर भुरी आली तर तिचा शत्रू धुऱ्यावर आधीच तयार असेल. भोपळ्याचं नाव मुद्दाम घेतलं. गोखरूवरची पोडोस्फेरा झँथी ही जात काकडी, भोपळा, दोडका या वेलांवरही येते. जात एक असली तरी तिच्यात पोटभेद आहेत, आणि गोखरूवर वाढलेली प्रत्येक भुरी भोपळ्यावर रुजतेच असं नाही. पण वेल अगदी धुऱ्याला टेकून असेल तर तेवढ्या चार हातांत गोखरू राहू न देणं बरं.

म्हणून काही मी गोखरूचा वकील नाही. बोंडं धरायच्या आत उपटलेला बरा. प्रत्येक बोंडात दोन बिया असतात, एक लगेच उगवते आणि दुसरी मागे राहते, त्यामुळे एका वर्षी काढून तो संपत नाही. पहिल्या पावसानंतर उगवलेली दोन जाड पानांची रोपं गुरांना विषारी असतात, तेव्हा हिरव्यासाठी आसुसलेली जनावरं धुऱ्यावर सोडू नका. भुरी मात्र गोखरूला मारत नाही. ती चढते तोवर बोंडं धरून झालेली असतात. भुरीने गोखरू आटोक्यात येईल ही आशा सोडा.

आता तुमचा शाळेत शिकलेला मुद्दा. सूर्यफुलाचं कुळ मोठं आहे, हे खरं. झेंडू, शेवंती, गोखरू, गाजरगवत, कंबरमोडी, माका, सहदेवी, पाथरीची भाजी, गोरखमुंडी, उटकटारा, करडी, सगळी त्यातली. आपण ज्याला एक फूल म्हणतो ती बारीक फुलांची पंगत असते, ही या कुळाची खूण. झेंडूची "पाकळी" उपटून तिच्या बुडाशी बघा, प्रत्येकीच्या खाली एकेक बी. पण एका आडनावाची दोनशे घरं गावात असली म्हणून सगळ्यांचा सोयरसुतक एक नसतो, तसं इथेही आहे. गोखरू आणि गाजरगवत ही सूर्यफुलाच्या जवळच्या शाखेतली. करडी काट्यांच्या शाखेतली, तिचा तुमच्या धुऱ्यावरचा सख्खा चुलत म्हणजे निळ्या गोल गेंदाचा उटकटारा. पाथरी आणखी तिसरीकडची. बुरश्या हे नातं आपल्यापेक्षा नीट पाळतात. गोखरूवर एक तांबेरा (पानावर तपकिरी फोड आणणारी बुरशी) येतो, पक्सिनिया झँथी. त्याचाच एक भेद गाजरगवतावर येतो, दोघं जवळचे म्हणून. करडीचा तांबेरा वेगळा, पक्सिनिया कार्थामी, सूर्यफुलाचा तिसरा, पक्सिनिया हेलियांथी. आणि गव्हाच्या तांबेऱ्याला आयुष्याचा एक टप्पा दुसऱ्याच झाडावर काढावा लागतो, तसं करडीच्या तांबेऱ्याला लागत नाही. त्याचं सगळं करडीवरच भागतं.

हे तांबेरे बोटाने ओळखता येतात. करडीच्या पानावरचे तपकिरी फोड घासले तर बोटाला विटकरीची पूड लागते. गोखरूवरच्या तांबेऱ्याचे फोड मात्र टणक, पानाच्या खालच्या बाजूला घट्ट बसलेल्या गादीसारखे, आणि बोटाला काही लागत नाही. त्याचे बीजाणू सुटून उडत नाहीत, जागच्या जागी रुजून त्यांच्यातून पुढचे नाजूक बीजाणू निघतात. पावसाळी दिवसांत या गादीवर राखाडी झाक येते ती त्यामुळे.

करडीवर येणारे रोग धुऱ्यावरून येत नाहीत, बहुतेक तुमच्याच बियाण्याच्या पोत्यातून येतात. तांबेऱ्याचे काळसर बीजाणू बियाला चिकटून येतात आणि कोवळ्या रोपालाच धरतात. पानावरचा करपा, म्हणजे अल्टरनेरिया कार्थामी, तपकिरी डाग आणि त्यात एकात एक वर्तुळं, तोही बियातून आणि मागच्या वर्षीच्या काडीकचऱ्यातून येतो. मर रोगाची फ्युजेरियम बुरशी बियात आणि मातीत दोन्हीकडे असते, म्हणून एकाच वावरात वर्षामागून वर्ष करडी नको. सूर्यफुलाचा केवडा रोगही असाच. आपल्या देशात तो १९८४ च्या सुमारास मराठवाड्यात, लातूर भागात पहिल्यांदा दिसला, तोवर इथे धुऱ्याधुऱ्यावर गोखरू होताच की. त्याने कधी तो आणला नव्हता. (केवड्याचा कारक खरी बुरशी नाही, शेवाळांच्या जवळचा जीव आहे. पण शेतात त्याला बुरशीच म्हणतात, मीही म्हणतो.)

तेव्हा करडीच्या पेरणीआधी बियाणं निवडून घ्या, सुरकुतलेलं, डागी बी काढून टाका आणि बीजप्रक्रिया चुकवू नका. आधी थायरमसारखं बुरशीनाशक, किंवा ते नको असेल तर ट्रायकोडर्मा किलोला ४ ग्रॅम, सावलीत चोळून लगेच पेरणी. दोन्ही एकदम चोळू नका; थायरम ट्रायकोडर्मालाही बाधू शकतं, तीही बुरशीच आहे. पुढे थंडीत करडीच्या पानांवर काळं काजळीसारखं दिसलं तर घाबरून बुरशीनाशक आणायला धावू नका. हाताला चिकट लागतं का बघा. लागलं तर शेंड्याकडे काळा मावा असणार. त्याच्या गोड चिकट्यावर ती काळी बुरशी वाढते, पानात शिरत नाही. मावा गेला की तीही जाते.

आता फोटो क्रमांक नऊ. गाजरगवताचं खोड, पानाच्या बेचक्यात पांढरा कापूस, आणि कडेला धूसर दोन मुंगळे. तुम्ही खाली लिहिलंय, "यावर भुरी जास्त जाड आहे". ही भुरी नाही. गाजरगवतावर भुरी येते, तुमच्या दहाव्या फोटोत आहेच ती, पानाच्या वरच्या बाजूने पातळ पिठासारखी. पण खोडाच्या बेचक्यात बसलेलं, मेणचट, धागेधागे असलेलं, आणि शेजारी मुंग्या असलेलं पांढरं म्हणजे पिठ्या ढेकूण. मिलीबग म्हणतात तोच. काडीने डिवचा, हळूच सरकेल. चिरडा, ओला रस निघेल. भुरीला रस नसतो, पाय नसतात, आणि तिच्याकडे मुंगी फिरकत नाही. मुंग्या येतात त्या ढेकणाच्या गोड विष्ठेसाठी, आणि त्या बदल्यात त्याची राखण करतात.

आणि हा मात्र पऱ्हाटीवर येतो. २००६-०७ च्या आगेमागे देशभर कपाशीवर या ढेकणाने जो धुमाकूळ घातला तो तुमच्या वडिलांना आठवत असेल. कपाशी नसते त्या महिन्यांत तो गाजरगवतावर, रानभेंडीसारख्या तणांवर दिवस काढतो आणि पऱ्हाटी उभी राहिली की वाऱ्याने, मुंग्यांमार्फत, आणि आपल्याच कपड्यांना चिकटून धुऱ्याकडच्या ओळींत शिरतो. म्हणून आज संध्याकाळी पहिल्यांदा धुऱ्यालगतच्या दोन-तीन ओळींचे शेंडे तपासा. शेंडा आखडलेला, पानं चुरगळलेली आणि मुंग्यांची रांग वर चढतेय, असं झाड दिसलं तर तो शेंडा खुडून पिशवीत घ्या. वावरात झटकू नका.

खुडण्याआधी एक गोष्ट बघा. पांढऱ्या ढेकणांत काही तपकिरी, कडक, चामड्यासारखे फुगलेले दिसतात का, आणि त्यांना टाचणीने पाडल्यासारखं गोल भोक आहे का? असतील तर निम्मं काम झालेलं आहे. एनासियस नावाची दीड-दोन मिलिमीटरची गांधीलमाशीची जातभाई ढेकणाच्या पोटात अंडं घालते, तिची अळी त्याला आतून खाते आणि भोक पाडून उडून जाते. देशातला तो मोठा उद्रेक ओसरण्यात या माशीचा वाटा मोठा होता. अशी भोकाची खोळं भरपूर दिसली तर कीटकनाशक मारू नका, आधी तीच मरेल.

गाजरगवत मात्र काढाच, आणि फुलं यायच्या आत. भुरीमुळे नव्हे. ढेकणासाठी, आणि सूर्यफूल किंवा भुईमूग जवळ घेत असाल तर एका विषाणूसाठीही. त्याच्या परागावर तो विषाणू असतो आणि फुलकिडे पराग घेऊन पिकावर जातात. हातमोजे घालून, बाह्या खाली ओढून उपटा. माझ्या हाताला या झाडाने तीन वर्षं खाज दिली, डॉक्टरने शेवटी नमुने गोळा करणं बंद करा असं सांगितलं. ते काही जमलं नाही, मोजे मात्र आले. ढेकूण असलेली झाडं खड्ड्यात दाबा; नाल्यात टाकलीत तर खालच्या गावाला पाहुणे पाठवल्यासारखं.

गाजरगवताला बुरशीने मारता येईल का, हे मला दर वर्षी कोणीतरी विचारतं. प्रयत्न झाले आहेत. पुण्यात या तणाची नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत त्याने देश व्यापला. ऑस्ट्रेलियाने मेक्सिकोतून त्याचा तांबेरा आणून १९९१ मध्ये सोडला. आपल्याकडे तो तांबेरा दक्षिणेत आपोआप आलेला सापडला, पण त्याला पंधरा अंशांच्या आसपासचा गारवा आणि रात्रभराचं दव लागतं. आपल्या भागात एवढं लाडाचं हवामान त्याला कोण देणार? इथे जास्त उपयोग झाला तो मेक्सिकन भुंग्याचा, झायगोग्रामाचा. १९८४ मध्ये बंगळुरूकडे सोडला, आता आपल्याकडे ऑगस्टमध्ये गाजरगवताची पानं चाळणीसारखी करून ठेवतो. मध्यंतरी तो सूर्यफूल खातो अशी ओरड झाली होती. जवळची शाखा, म्हणून शंका अगदीच खुळी नव्हती. पण तो सूर्यफुलावर संसार थाटत नाही, जवळचं गाजरगवत फस्त झालं की आजूबाजूला तोंड मारून बघतो इतकंच.

तुमचा अकरावा फोटो राहिला. विहिरीजवळचं ओसाडी नावाचं तण, पानांच्या शिरा सोन्याच्या तारांसारख्या पिवळ्या. सुंदर दिसतं. बुरशी नाही, विषाणू आहे, पांढरी माशी पसरवते. पुसून काही निघणार नाही आणि फवारूनही नाही.

एक मागणं आहे. धुऱ्याचा कोपरा तोडणार नसाल तर भुरीवाल्या गोखरूची दोन झुडपं जानेवारीपर्यंत राहू द्या, बोंडं तेवढी आधीच खुडून जाळा. थंडीत काही वर्षी त्या पांढऱ्या थरात काळे कण येतात, खसखशीच्या दाण्याहून कितीतरी बारीक, टाचणीच्या टोकाने टोचल्यासारखे. ती भुरीची पुढच्या हंगामाची शिदोरी. सूक्ष्मदर्शकाखाली काचेवर हलकं दाबून फोडलं तर पोडोस्फेराच्या प्रत्येक काळ्या कुपीतून एकच पिशवी बाहेर येते, गोलोव्हिनोमायसिसच्या कुपीतून अनेक. तसे कण दिसले तर पान प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, सडतं. वर्तमानपत्रात सपाट दाबा, कागद चार दिवस रोज बदला, पाकिटावर तारीख, गाव आणि झाडाचं नाव पेन्सिलने लिहा. शाईची अक्षरं ओलाव्याने फुटतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आजरेकरांच्या नावाचा बुरश्यांचा संग्रह आहे, त्यात असेच कागदात दाबलेले नमुने पाकिटांत ठेवलेले असतात. एक पाकीट मलाही पाठवा. आणि धुऱ्याकडच्या ओळींचे शेंडे आजच बघा, उद्यावर टाकू नका. भोकाची खोळं दिसली तर त्यांचाही फोटो टाका, जवळून, मुंगळ्यांसकट.